रुईला दिलेलं आवतन

सुकेशनी अर्ध्या हळकुंडानं पिवळी झाली होती. केनवडच्या हिरीबाईकडे झाडपाला शिकायला लागून पुरता महिनाही झाला नव्हता, तोच ती नळावरच्या बायकांना औषधं सांगू लागली. हिरीबाई खडूस म्हातारी. तिनं अजून एकही मुळी खणू दिली नव्हती.

मग सुकेशनीच्या मंजूला ताप भरला. मालेगावच्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या, तरी पोरीचं अंग तव्यासारखं. एकुलती एक लेक. सुकेशनीचा जीव टांगणीला लागला. तेव्हा कुठे हिरीबाईनं पांढऱ्या रुईची रीत सांगितली. संध्याकाळी झाडाला हळदकुंकू, तांदूळ वाहायचे, आजाऱ्याचं नाव घेऊन आवतन द्यायचं. सकाळी कोणाशी न बोलता मुळी आणून आजाऱ्याच्या दंडाला बांधायची.

"नाव घेतलं का मंग आनाले जाच लागते," हिरीबाईनं बजावलं. "आवतन देल्लेला पाव्हणा वाट पायत बसत नाही. थो आपल्या पायानं येते."

सुकेशनीनं नाल्याकाठच्या रुईला मंजूच्या नावानं आवतन दिलं. सकाळी पाहते तर ताप उतरलेला, पोर चहा मागत होती. सुकेशनीला रडूच आलं. आता मुळीचं काय काम? गरज सरो, वैद्य मरो. शेजारणीला लक्ष ठेवायला सांगून ती शेतात सोयाबीन सोंगायला गेली.

उन्हं कलल्यावर ती नाल्यावरून परतली. रुई जागेवर नव्हती. कुदळीचा घाव नाही, पडलेलं पान नाही. नुसता खड्डा, आणि काठावर तिचेच तांदूळ. ती तशीच हिरीबाईकडे धावली. म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं आणि नाव कोणाचं घेतलं होतं ते विचारलं. सुकेशनीनं सांगितलं. हिरीबाईनं मान खाली घातली.

"घरी जाय," एवढंच म्हणाली.

सारवलेल्या अंगणात ओल्या मातीचा माग होता, थेट उंबऱ्याच्या आत गेलेला. मंजू बाजेवर बसली होती. तिच्या दंडाला मुळीचा वेढा होता, पण दोरा कुठेच दिसत नव्हता. सुकेशनीनं मुळी ओढली. ती हलली नाही, पोर मात्र कळवळली. मुळीचं टोक कातडीखाली गेलं होतं.

"नको ओढू, आई," मंजू म्हणाली. "तुनंच बोलावलं म्हन्ते थे."