चिंचोक्यांचे तास

बोरीत सुईण एकच, पारूबाई. निजामाच्या अमलात तीच होती, पोलीस ॲक्शनच्या धामधुमीतही तीच, आणि गेल्या साली जिल्हा मुंबई राज्यात गेला तेव्हाही तीच. "राज बदललं म्हून लेकरू वाट बघत बसत न्हाई," असं ती म्हणायची. पण १९५७ची दिवाळी झाली आणि नव्या राज्याचा एक फारम गावात आला. गावोगावच्या सुईणींनी परवाना घ्यायचा. ज्या बाईला परवाना मिळणार नाही, तिनं यापुढे कुणाच्या बाळंतपणाला हात लावायचा नाही.

फारम भरायला गावात लिहिती बाई एकच होती, दत्तोपंत मास्तरांची हेमा. चाळिशी ओलांडलेली, माहेर परभणीचं, बोरीत येऊन दोन वर्षं झालेली. तिला आकड्यांचा नाद होता. मास्तर शाळेत गेले की त्यांच्या वर्गातल्या पोरांची गणितं ती चुलीपुढे बसून सोडवायची, आणि मास्तरांच्या आधी सोडवायची. हे मास्तरांना माहीत होतं, पण दोघंही त्याबद्दल बोलत नसत.

फारमात तीन वर्षांतल्या सगळ्या बाळंतपणांची यादी मागितली होती. शेवटच्या रकान्याला चार चौकटी होत्या. दोन चौकटी, मग दोन टिंबं, मग आणखी दोन चौकटी. कळा लागल्यापासून बाळ होईपर्यंतचा वेळ, तासात आणि मिनिटात.

"पारूबाई, हे कसं हो सांगणार तुम्ही? तुमच्याकडे घड्याळ कुठं आहे?"

"घड्याळ न्हाई. पर हिशेब हाय," पारूबाई म्हणाली आणि घरी जाऊन एक गाठोडं घेऊन आली.

गाठोड्यात लुगड्याच्या चिंध्यांच्या पुरचुंड्या होत्या, सदतीस. दर पुरचुंडीत चिंचोके. पारूबाईची एक रीत होती. बाईला कळा लागल्या की ओसरीवर जातं घुमवायला लावायचं, म्हणजे आतलं ओरडणं बाहेरच्या पुरुषांच्या कानावर पडत नाही आणि आळीचं दळणही होऊन जातं. शेजारणी आपापली ज्वारी घेऊन यायच्या. पायलीभर दळून झाली की पारूबाई एक चिंचोका टाकायची. बाळ रडलं की त्या बाईच्या लुगड्याची चिंधी फाडून त्यात चिंचोके बांधायची. कुठली चिंधी कुणाची, हे तिला अंधारातही सांगता आलं असतं.

हेमाला हे इतकं आवडलं की ती त्याच दुपारी मास्तरांचं घड्याळ मागून घेऊन पारूबाईच्या घरी गेली. पारूबाईनं पायलीभर ज्वारी दळून दाखवली. ऐंशी मिनिटं लागली. मग काय, एका चिंचोक्याला ऐंशी मिनिटं. सात चिंचोके म्हणजे ०९:२०. नऊ चिंचोके म्हणजे १२:००. हेमानं सदतीस पुरचुंड्यांचे सदतीस आकडे चौकटीत असे बसवले की मास्तरसुद्धा म्हणाले, "छापल्यासारखं झालंय." ओसरीवर जमलेल्या बायकांना तिनं प्रत्येकीचा आकडा वाचून दाखवला. छबूबाई तेवढी रानात गेली होती, तिचे एकवीस चिंचोके निघाले, २८:००. पहिलटकरीण ती. हेमाच्या डोळ्यांत पाणीच आलं.

थंडीत जिल्ह्याहून अंबिकाबाई डॉक्टरीण तपासणीला आल्या. शाळेच्या ओट्यावर खुर्ची टाकली होती. त्या शांतपणे यादी वाचत गेल्या, आणि एका ओळीवर त्यांचं बोट थांबलं.

"ही छबूबाई. अठ्ठावीस तास. हिला दवाखान्यात का नाही पाठवलं?"

"गरज न्हाई पडली," पारूबाई म्हणाली.

"गरज कोण ठरवणार? बाई चोवीस तासांवर अडली आणि सुईणीनं पाठवलं नाही, तर परवाना नाही. मला तसा हुकूम आहे. आणि इथं एकच नाही, चार ओळी आहेत तसल्या." त्यांनी पेनचं टोपण काढलं.

पारूबाईनं नुसतं हेमाकडे पाहिलं, आणि त्या बघण्यात राग असता तर हेमाला बरं वाटलं असतं. ज्या बाईनं अर्ध्या गावाला पहिला श्वास घ्यायला लावला, तिचे हात हेमाच्या देखण्या अक्षरानं बांधले जाणार होते.

"अठ्ठावीस कुठले वो?" मागून छबूबाईच बोलली. दीड वर्षाचं पोर तिच्या कडेवर होतं. "जेठात झालाय ह्यो. तांबडं फुटायला कळ आली, अन् दिवेलागनीला ह्यो बाहीर. मला कुनी इचारतच न्हाई, पोटात माझ्या दुखायलं हुतं की!"

"तांबडं फुटल्यापासून दिवेलागणी म्हणजे चौदा," हेमा पुटपुटली. अठ्ठावीसच्या बरोबर निम्मे. साधी चूक असती तर वेडीवाकडी असती. बरोबर निम्मे म्हणजे चूक एकाच जागी आहे आणि ती सगळीकडे आहे. आकड्यांच्या बाबतीत हेमाचं डोकं भीतीतही चालायचं.

"पारूबाई, बाळंतिणीच्या घरी जात्यावर किती जणी बसतात?"

"किती म्हंजे? दोघी. समोरासमोर."

"मग त्या दिवशी मला एकटीनं का दळून दाखवलंत?"

"माझ्या घरी मी येकटीच हाय की! तुमी म्हनलात दळा, म्या दळलं. तुमाला वाटलं तरी कसं, अशा येळंला येकटी बाई जातं वढंल म्हून?"

हेमाला वाटलं होतं. तिनं बोरीत एकही बाळंतपण पाहिलं नव्हतं, आणि माहेरी पीठ गिरणीतून यायचं.

"बाई, चूक माझी आहे," ती अंबिकाबाईंना म्हणाली. "एकटीच्या दळणाचा वेळ मी दोघींच्या दळणाला लावला. सगळे आकडे दुप्पट झालेत."

अंबिकाबाईंनी चष्मा काढला. "आणि हे तुम्हाला आत्ता सुचलं. मी पेन काढल्यावर."

"हो," हेमा म्हणाली. दुसरं काय म्हणणार? "पण घड्याळ तुमचं लावा. जातं आमचं. खोटं निघालं तर तुमच्या पेनाला मी आडवी येणार नाही."

अंबिकाबाईंची मोटार चारला सुटणार होती. त्यांनी घड्याळ बघितलं, मग पारूबाईचे हात बघितले. "आणा जातं," त्या म्हणाल्या.

शेजारच्या ओसरीवर पारूबाई आणि छबूबाई समोरासमोर बसल्या. पायली भरून मापली ती अंबिकाबाईंनी स्वतः. जातं घुमायला लागलं तशा आळीतल्या बायका गोळा झाल्या. हेमा खांबाला धरून उभी होती. तिला कधी वाटायचं, खुंटा फार जोरात फिरतोय, मुद्दाम करतात असं दिसेल. कधी वाटायचं, फार हळू फिरतोय. छबूबाईच्या पोरानं मध्येच पिठात दोन्ही हात घातले आणि तोंडाला फासून घेतले. दळण थांबलं, पोराला धपाटा बसला, दळण पुन्हा सुरू झालं.

शेवटची मूठ जात्यात पडली, खुंटा थांबला. अंबिकाबाईंनी मनगट डोळ्यांपाशी नेलं.

"एक्केचाळीस मिनिटं," त्या म्हणाल्या. आणि मग पहिल्यांदाच हसल्या. "त्यातलं एक या गड्यानं खाल्लं."

हेमा मटकन खालीच बसली, भर ओसरीत, पिठात. तिला रडू येतंय की हसू हे तिचं तिलाच कळेना. पारूबाई जात्यावरून उठली, पिठाचा हात तिच्या डोक्यावर ठेवून म्हणाली, "उठा मास्तरीनबाई. कुनी बघंल तर म्हनंल, हिलाच कळा यायल्यात."

मग सगळे शाळेच्या ओट्यावर परतले. हेमानं लाल शाईनं सदतीस ओळी निम्म्या केल्या, अंबिकाबाईंनी ओळीओळीला दस्तखत केलं. २८:०० खोडून १४:००. ०९:२० खोडून ०४:४०. घाईत अक्षर पहिल्यासारखं देखणं आलं नाही, पण हेमाला ते जास्त आवडलं. सर्वांत मोठा आकडा आता सोळाच्या वर जात नव्हता. परवान्यावर पारूबाईचा अंगठा उठला. अंबिकाबाईंनी तिला साबण, कात्री आणि नखं घासायचा ब्रश दिला, चोवीस तासांचा नियम दोनदा बोलून घेतला, आणि पाच मिनिटं राखून मोटार गाठली.

सगळ्यांना सुटल्यासारखं झालं होतं. आळीतल्या एकट्या झुंबरबाईला सोडून. ती कमरेवर हात ठेवून फारमापुढे उभी.

"माझे किती केले?"

"सहा," हेमा म्हणाली.

"बारा हुते की!"

"चुकून लिहिले होते, झुंबरबाई. खरे सहाच."

"आवो, दिवाळीपसून आमच्या मालकाला बारा तास आयकवायले मी! भाकरी करपली तरी तोंडातून शबुद काढत न्हाई त्यो. आता सहा म्हनलं तर निम्मी इज्जत गेली की माझी."

"सहा तर सहा," पारूबाई परवान्याची घडी चोळीत खोवत म्हणाली. "मी सोता हुते की तितं. त्या सहा तासात तू मला ज्या शिव्या दिल्यास ना, त्या बारा तासांच्या हुत्या."

बायका अशा हसल्या की शाळेतली पोरं दारात आली आणि दत्तोपंत मास्तर त्यांच्या मागे. काय झालं, असं त्यांनी विचारलं. कुणीच सांगेना.

झुंबरबाई हेमाच्या कानाशी लागली. "कागदावर सहा ऱ्हाऊ द्या. सरकारला खरं ते सांगावं. पर आमचे मालक इचारायला आले, तर तुमी आपल्या गप बसा."

"मी कशाला सांगू?" हेमा म्हणाली, आणि लाल शाईची दौत बंद करून उठली. लुगड्यावरचं पीठ तिनं झटकलं नाही.