मुक्या पेटीचा भाता

मित्रांनो, मला पेटी म्हणतात, पण मला भाता नाही आणि स्वतःचा आवाजही नाही. कारखान्यातून निघालो तेव्हा मी मिडी कीबोर्ड होतो. नायगावच्या खाडीकडे काशीरामबाबांच्या घरी आलो आणि पेटी झाले. तेव्हापासून मी स्वतःला तीच समजते.

बाबा गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवत. खाऱ्या वाऱ्याने त्यांच्या जुन्या पेटीचे सूर गंजले आणि भाता फाटला. स्टेशनजवळच्या टॉवरमध्ये राहणारा प्रितेश नावाचा मुलगा मला विकत होता. काळ्या-पांढऱ्या पट्ट्या पाहून बाबांनी दुसरी काही चौकशी केली नाही. स्कूटरवर पायांपाशी उभी करून मला घरी आणले.

संध्याकाळी मंडळ जमले. बाबांनी माझी वायर मोबाइलच्या चार्जरला लावली. माझे दिवे लागले. बाबांनी सा दाबला. काहीच वाजले नाही. त्यांनी आणखी जोरात दाबला. तबला वाजवणाऱ्या विलासकाकांनी माझ्याकडे वाकून पाहिले आणि विचारले, "काशीरामदादा, पेटी आनली का पाट आनला?"

सगळे हसले. बाबाही हसले, पण त्या रात्री ते जेवले थोडेच, हे मी पाहिले.

रविवारी त्यांची मुलगी संजना आपला लॅपटॉप घेऊन आली. तिने बाबांना समजावले, की हिच्यात आवाज नसतो. कोणती पट्टी दाबली, किती जोरात दाबली आणि कधी सोडली, एवढेच ही कॉम्प्युटरला कळवते. आवाज तो काढतो.

"म्हंजे ही निरोप्या हाय," बाबा म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "मग निरोप तरी नीट दे गं, बाई."

संजनाने गाणी ध्वनिमुद्रित करायचे सॉफ्टवेअर उघडले, तिथल्या यादीत माझे नाव शोधून त्यावर खूण केली. बाबांनी डोळे मिटून सा लावला आणि ढोल वाजला. संजनाची आई हंसाआई स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत बाहेर आली, आज कोणाची वरात म्हणून विचारत. आवाजांच्या यादीत हार्मोनियम सापडेपर्यंत बाबांनी बासरी, घंटा आणि कसलीशी शिट्टीही वाजवून घेतली.

पण एक अडचण उरली. बाबांचा उजवा हात पट्ट्यांवर फिरे आणि डावा माझ्या पाठीमागे भाता शोधत राही. तिथे नुसती भिंत होती. संजना बराच वेळ ते पाहत होती. माझ्या डाव्या अंगाला दोन छोटी चाके आहेत. एक सोडले की उडी मारून मध्यावर येते, दुसरे जिथे ठेवाल तिथेच राहते. तिने सॉफ्टवेअरमध्ये आवाजाच्या बटणावर खूण केली, मग माझे ते दुसरे चाक थोडे फिरवले, आणि दोघांची गाठ बांधली गेली. चाक वर सरकवले की सूर फुगे, खाली आणले की मिटे. बाबांच्या डाव्या हाताला काम मिळाले. त्या चाकाला घरात सगळे भाताच म्हणू लागले.

मग माझे चांगले दिवस आले. हंसाआईला तिच्या आईकडून आलेली हळदीची गाणी पाठ होती. ती कुठे लिहिलेली नव्हती. दर रविवारी दुपारी ती गाई, बाबा मला वाजवत आणि संजना दोघांना जपून ठेवी. सूर चढला, की आई मध्येच थांबून बाबांना म्हणे, "जरा खाली उतरा. मी काय माडावर चढू?"

गाणे संपले की बाबा अंगठ्याने चाक पार खाली आणत, मग संजनाने शिकवले तसे सेव्हचे बटण दाबत. पेटी उघडी टाकू नये, असे त्यांचे म्हणणे. शेवटी माझ्यावर आईच्या जुन्या लुगड्याचे कापड पडे.

हळद उतरवायचे एकच गाणे राहिले होते, तेव्हा बाबा गेले.

माझ्यावर आधी बाबांच्या उरलेल्या औषधांची पिशवी आली. ती गेल्यावर इस्त्रीचे कपडे आले. आई गायची थांबली. संजनाने एकदा विचारले, तर म्हणाली, "पेटीबिगर सूर कोनाला लावू?" मोठ्या मुलाला, कल्पेशला, घरात जागा हवी होती. तो म्हणाला, वाजत असेल तर राहू दे, नाहीतर प्रितेशला विचारतो, परत नेतो का.

वर्ष उलटल्यावर एका दुपारी संजनाने कपडे उचलले. मला पुसले. वायर जोडली, यादीत नाव पाहिले, बाबांनी शेवटची सेव्ह केलेली फाइल उघडली. माझे दिवे लागले. तिने पट्टी दाबली. पडद्यावरची हिरवी रेघ हलली, म्हणजे माझा निरोप पोचत होता. आवाज मात्र नाही. तिने वायर बदलली, लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू केला, स्पीकरवर दुसरे काहीतरी लावून पाहिले. ते वाजले. मीच वाजेना. मला सांगता येत असते तर मी सांगितले असते.

शेवटी ती नुसतीच बसून राहिली, एक पट्टी दाबून धरून.

हंसाआई केव्हाची दारात उभी होती. "तू एकाच हातानं वाजवतेस," ती म्हणाली. "तुझे बाबा दोनी हात लावत."

संजनाने मांडीवरच्या आपल्या डाव्या हाताकडे पाहिले. मग चाकाकडे. ते पार खाली होते, बाबांनी ठेवले होते तिथेच. त्यानंतर त्याला कोणाचा हात लागला नव्हता. तिचा अंगठा चाकाजवळ गेला आणि थांबला. ते हलवले, की बाबांनी मिटलेले उघडणार होते, आणि न हलवले तर ते कायमचे मिटलेलेच राहणार होते.

"उघड गं," आई म्हणाली. "त्यांनी उद्यासाठीच मिटलीवती."

संजनाने चाक सावकाश वर नेले. दाबून धरलेला सूर आधी श्वासाएवढा आला, मग खोलीभर झाला.

आई लगेच गायली नाही. आत जाऊन पाणी पिऊन आली, माझ्याजवळ बसली, खाकरली.

"जरा खाली उतर," ती म्हणाली. "मी काय माडावर चढू?"

मित्रांनो, घरातली एखादी वस्तू बोलेनाशी झाली, तर ती बिघडली असे लगेच म्हणू नका. कधी कधी कोणीतरी ती नीट मिटून ठेवलेली असते. तिच्यावरची धूळ पुसा, वायर ओढून काढू नका, आणि उघडाल तेव्हा सावकाश उघडा.

त्या दुपारी गाणे संपल्यावर संजनाने चाक पुन्हा खाली आणले. आता माझा भाता तिच्या अंगठ्याने मिटलेला असतो, रविवारपर्यंत.