पळत्या म्हशीची लांबी

भौतिकशास्त्रात एम.एस्सी. होऊनही मी घरीच होते, आणि त्याला कारण माझी जीभ. दोन कॉलेजांत निवड समितीसमोर पाठ घेताना पोरांना समजेना, तर मी त्यांच्यावरच खेकसले. सोमवारी जयसिंगपूरला तिसरा पाठ होता. हाही गेला असता तर बाबांच्या खताच्या दुकानात बसायचं ठरलं होतं. विषय होता वेगवान यानाची लांबी.

सरावासाठी शेजारच्या ज्ञानूमामांना गोठ्यातच गाठलं. म्हटलं, "शंभर मीटरचं यान प्रकाशाच्या ऐंशी टक्के वेगानं गेलं, तर आपण मोजल्यावर साठच भरतं."

"काय बी सांगत्यास चंदना! आमची म्हस पळताना लांब हुत्या. मोजून दावतो."

दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापुरात म्हशी मोटारसायकलमागं पळवतात, त्याचा सराव गल्लीत चालूच होता. मामा गाडीवर, मागं त्यांची चांदणी. मी ओरडले की रस्त्यावर खडूनं खुणा करायच्या, शेपटीच्या बुडाशी मी आणि नाकाशी मामांची थोरली बहीण आक्का. उभी चांदणी आठ फूट भरली होती. पळती भरली बारा!

मामा मिशीला पीळ देत म्हणाले, "झालं का न्हाय लांब?"

माझं डोकं फिरलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात आक्का भावावरच डाफरल्या, "लांब कसली! हिनं शेपटीची खूण वेळेवर केली. मी भिऊन मागं सरले, मग नाकाची केली. तवर म्हस थांबत्या व्हय?"

मी आक्कांना शेणासकट मिठी मारली. दोन्ही टोकांच्या खुणा एकाच वेळी झाल्या तरच ती लांबी; माझ्या दोन्ही पाठांत मी नेमकं हेच सांगायचं विसरले होते!

सोमवारी वर्गात आधी म्हैस पळवली. पोरं खदखदून हसली. मग यान आणलं. "आपण आपल्या घड्याळानं दोन्ही खुणा अगदी एकाच वेळी केल्या. पण यानातले लोक म्हणतात, तुम्ही नाकाची खूण आधी केलीत, शेपटीची उशिरा. म्हणून तुमचं माप आखूड आलं."

मागच्या बाकावरून प्राचार्यांनी विचारलं, "मग खोटं कोण बोलतंय?"

मी स्वतः उत्तर न देता प्रश्न पोरांकडं वळवला. जन्मात पहिल्यांदा. पुढच्या बाकावरची एक मुलगी उठली.

"कुणीच न्हाय, सर. आपलं 'एकाच वेळी' त्यांच्या घड्याळात एकाच वेळी न्हाय. म्हशीपाशी आक्का चुकल्या, हितं कुणीच चुकलं न्हाय."

प्राचार्य माझ्याकडं बघून हसले. आठवड्यात नेमणुकीचं पत्र आलं, आणि मी पेढे घेऊन आधी गोठ्यात गेले.

पाडव्याला चांदणी शिंगं रंगवून मिरवत होती. कुणीतरी विचारलं, "म्हस किती फूट लांब हाय, मामा?"

"आठ," मामा म्हणाले आणि माझ्याकडं बघून घाईनं पुढं जोडलं, "पण उभी असताना, पावणं! पळताना कोण मोजतंय, ते आदी सांगा."