अर्ध्या अर्थाची भिंत

मी एक जुना दगडांचा ढीग आहे. खरे तर होतो. मित्रांनो, आटपाडीकडच्या एका खडकाळ माळावर माझा जन्म झाला. एक मेंढपाळ वाटेतच मेला. कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून सोबत्यांनी त्याच्यावर दगड रचले. पुढे लोक त्याचे नाव विसरले. पण मेंढरे घेऊन जाणारा प्रत्येक जण माझ्यावर एक दगड ठेवी. असा मी पुरुषभर उंच झालो.

एकदा शाळेच्या क्षमाबाई मुलांना घेऊन आल्या. म्हणाल्या, "याला इंग्रजीत केर्न म्हणतात. शब्द मूळचा स्कॉटलंडच्या डोंगरी भाषेतला. तिथे 'कार्न' म्हणजे दगडांचा ढीग. पुढे माणूस पुरून त्यावर रचलेल्या ढिगालाही तेच नाव पडले. तिकडेही वाटसरू त्यावर दगड ठेवतात."

मेंढरे वळवत उभी असलेली बनाबाई हसली. "आवं बाई, म्हंजी तिकडं बी आमच्यागत येडीच हाईत की!"

जाताना बाईंनी मला हात जोडले. त्या आपल्या आहेत, असे मी धरून चाललो.

शाळेला कुंपण नव्हते. डुकरे थेट वर्गात शिरत. एके सकाळी सरपंच ज्ञानू बाईंना घेऊन माझ्यापाशी आला. मागून चार गावकरी.

"बाई, तुमीच सांगा. ह्ये दगड भिंतीला उचललं तर चालतंय न्हवं?"

बाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "केर्न म्हणजे मुळात दगडांचा ढीग. बाकी काही नाही."

बनाबाई पुढे झाली. "आन् खालचा मानूस कुटं गेला, बाई? तवा तर तुमीच सांगितलंसा."

ज्ञानूच म्हणाला, "म्हातारे, तू मेंढरं राख. मेल्याला काय थंडी वाजतीया व्हय?"

सगळे हसले. बाईही हसल्या. दुपारी ट्रॅक्टर आला.

आता मी शाळेची भिंत आहे. डुकरे आत येत नाहीत, हे खरे. ज्ञानूने मला भिंतीसाठी मागितले, याचा राग नाही. तोवर त्याला माझी ओळख कुणी करून दिलीच नव्हती. बाईंना मात्र सारे ठाऊक होते. वर्गातून त्यांचा आवाज येतो. त्या शब्दार्थ शिकवतात आणि मुले मोठ्याने म्हणतात.

मित्रांनो, कुणी अर्थ विचारला तर पुरता सांगा, अडचणीचा असला तरी. बाईंनी गिळलेल्या अर्ध्या अर्थापायी तिकडे माळावर एक माणूस उघडा पडला आहे.