टेबलाखालून आलेले उत्तर

मी एक जुने टेबल आहे, शिक्षण कार्यालयाच्या मागच्या खोलीतले. मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, माझा स्वभाव संशयी आहे. कुणी माझ्यावर कोपर टेकून "अगदी मनापासून सांगतो" असे म्हणाले, की मी आधी त्याचे पाय बघतो. माणसे वर एक बोलतात आणि त्यांचे पाय खाली दुसरेच बोलत असतात. 'टेबलाखालून' हा शब्द तुम्ही मोठ्यांच्या तोंडी ऐकला असेलच. त्या शब्दाने आमच्या कुळाची फार बदनामी केली आहे. पण खाली खरोखर काय चालते, ते आम्हा टेबलांना विचारायला मात्र कुणी येत नाही.

माझा जन्म याच खोलीत झाला. त्या वेळच्या साहेबांना पुष्कळ माणसे बसतील असे टेबल हवे होते आणि खोलीचे दार होते अरुंद. म्हणून सुताराने फळ्या आत आणून मला इथेच जोडले, घासले, चकचकीत केले. जाताना माझ्या पाठीवर थाप मारून तो म्हणाला, "आता हे या खोलीतून बाहेर निघायचं नाही. निघालं तर तुकड्यांनीच." हे कौतुक होते की शाप, ते मला अजून उमगलेले नाही. पण त्या दिवसापासून कुणी हातात करवत घेऊन दारावरून गेला, तरी माझा जीव टांगणीला लागतो.

तरुणपणी माझा थाट होता. मोठमोठ्या सभा माझ्याभोवती भरत. "काय दणकट टेबल आहे!" असे म्हणत लोक मुठी आपटत. मुठी आपटणारेच नंतर सर्वांत आधी माघार घेत, हेही मी तेव्हाच शिकलो. पुढे समोरच्या अंगाला नवी इमारत झाली. तिथे काचेचे टेबल आले. माझी खोली अडगळीची झाली. माझ्यावर मोडके पंखे, फाटके नकाशे आणि दांडी तुटलेला एक पृथ्वीगोल येऊन बसला. वर्षानुवर्षे पृथ्वीचा भार वाहिला म्हणा ना! कुणी साधे फडके फिरवायलाही आले नाही. मला वाईट वाटत होते, ते मी लपवत नाही.

मग एके दिवशी अचानक शिपाई आला. त्याने अडगळ हलवली, मला ओल्या फडक्याने पुसले, वर तेलाचा हातही फिरवला. तुम्हाला वाटेल, मी सुखावलो असेन. छे! माझ्या मनात लगेच पाल चुकचुकली. इतक्या वर्षांनी लाड, म्हणजे कुठेतरी पाणी मुरते आहे.

थोड्याच वेळात नवे साहेब आणि तपासणीच्या बाई आत आले, तेव्हा सगळा उलगडा झाला. गावात एक नवे केंद्र सुरू व्हायचे होते. जी मुले इतरांसारखी भराभर बोलत नाहीत, वाचत नाहीत किंवा एका जागी बसत नाहीत, त्यांच्यासाठी. केंद्रात दोन विभाग असणार होते. एकात मुलांना शिकवायचे. दुसऱ्यात फक्त सांभाळायचे, म्हणजे खाऊपिऊ घालून संध्याकाळी घरी पाठवायचे. कोणते मूल कुठे जाणार, ते तपासणीच्या बाई ठरवणार. तपासणी आधीच सुरू झाली होती. एका बंद खोलीत त्या मुलाला प्रश्न विचारत. उत्तर आले तर ठीक. नाही आले तर 'प्रतिसाद नाही' असा शेरा पडे आणि मुलाचे नाव सांभाळण्याच्या विभागाच्या यादीत जाई.

"वरून सांगितलंय, पालकांना विचारून सगळं ठरवा," साहेब म्हणाले. "म्हणून त्यांची समिती करू. बोलवू, चहा पाजू, मनसोक्त बोलू देऊ. आपलं ठरलंय ते ठरलंय."

"आणि सभा नव्या इमारतीत का नको?" बाईंनी विचारले.

"अहो, मुलं घेऊन येतात ही मंडळी. काच फोडली म्हणजे?"

बघा मित्रांनो, मला तेल का लावले होते ते!

पालक आले. त्यांच्यात एक गृहस्थ होते, नळ दुरुस्तीचे काम करणारे. साहेब काहीही बोलले की ते "हो हो" म्हणत, म्हणून सगळे त्यांना हो-हो काका म्हणू लागले. आणि एक होती व्हॅनवाली. शाळेची मुले ने-आण करणारी व्हॅन ती चालवत असे. तिच्या व्हॅनमध्ये अशीच मुले असत, आणि त्यांत तिची स्वतःची लेकही. लेकीला ती बयो म्हणायची. बयो सात-आठ वर्षांची असेल. खोलीत आली की ती कुणाकडे न बघता सरळ माझ्याखाली शिरायची आणि माझ्या मधल्या पायाला पाठ लावून बसायची. तिच्या पाठीची ऊब मला कळायची. गुळगुळीत हातांची मला सवय होती, पाठीची नव्हती. खरे सांगतो, या एका माणसावर मी पहिल्या दिवसापासून संशय घेतला नाही.

व्हॅनवालीचे पाय मात्र बघण्यासारखे होते. साहेबांचे भाषण लांबले की तिचा उजवा पाय जमिनीवर दाबला जाई. ती ब्रेक मारत असे! साहेबांना तो ब्रेक काही लागत नसे, त्यांची गाडी उतारावरून चाललेली.

पहिल्याच सभेत ती म्हणाली, "साहेब, माझ्या बयोला दोनदा तपासलं. दोन्ही वेळा प्रतिसाद नाही. पण ती घरी बोलते. वाचतेसुद्धा, दुकानांच्या पाट्या वाचते. फक्त तिला वेळ लागतो हो. आणि दार लावून मला बाहेर बसवलं की ती आतल्या आत मिटून जाते."

"दार नियमानं लावतात, ताई," तपासणीच्या बाई म्हणाल्या. "आई समोर असली की आई खुणा करते. मी पाहिलंय ते."

"करत असतील. मी नाही करत."

"सगळ्या आया हेच म्हणतात."

बाईंच्या बोलण्यातही तथ्य होते, हे मी नाकारत नाही. संशयी माणूस मला लगेच ओळखू येतो. साहेब हसून म्हणाले, "मुद्दा नोंदवून घेतो." हो-हो काका "हो हो" म्हणाले. पुढच्या सभेतही तसेच झाले. तोंडाला पाने पुसणे कशाला म्हणतात, ते मी जवळून पाहत होतो.

पण व्हॅनवाली काही गप्प बसेना. मग साहेबांनी वेगळाच डाव टाकला. एकदा सभा संपल्यावर बाकी सगळे गेले. साहेबांनी तिला थांबवून घेतले आणि आवाजात मध घोळून ते म्हणाले, "ताई, तुमचं काम मला फार आवडतं. पुढच्या वेळेपासून तुम्ही इथे, माझ्या शेजारच्या खुर्चीत बसा. आणि तुमच्या मुलीचं काय, ते मी बघतो. तिला शिकवायच्या विभागात घेऊन टाकू. तपासणी वगैरे काही नको. फक्त शेवटच्या सभेत उगाच हरकत नको."

व्हॅनवालीचा ब्रेकवरचा पाय सुटला. तिने टाच वर घेतली आणि पाय तसाच अधांतरी धरून ठेवला. मग ती म्हणाली, "बघू."

बघू! मित्रांनो, या एका शब्दावर किती जणांनी किती काय विकले आहे, ते मी पाहिलेले आहे. आवळा देऊन कोहळा काढायची साहेबांची रीत मला पाठ होती. पण ही बाई तरी बधणार नाही, असे मला वाटले होते. मी मनातल्या मनात कानाला खडा लावला. पायांवरही विश्वास ठेवायचा नाही.

शेवटच्या सभेला ती आली आणि खरोखरच साहेबांच्या शेजारी बसली. केस नीट बांधलेले, पायात नव्या चपला. बयो नेहमीप्रमाणे खाली आली. कुणीतरी फोटो काढणार होते. तेवढ्यापुरत्या तपासणीच्या बाई वाकल्या, माझ्याखाली डोकावल्या आणि गोड आवाजात त्यांनी विचारले, "काय गं बाळ, नव्या शाळेत तुला काय हवंय?"

फोटो निघाला. बाई सरळ झाल्या. "नाही बोलत. असू दे," असे म्हणत त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

सभा सुरू झाली. केंद्राचा रंग कोणता, गाड्या कुठे उभ्या राहणार, उद्घाटनाला कुणाला बोलवायचे, सगळे झाले. व्हॅनवाली चकार शब्द बोलली नाही. तिचे दोन्ही पाय शांत होते. हो-हो काका तिच्याकडे पाहत होते आणि त्यांचे "हो हो" दर वेळी बारीक होत चालले होते. त्यांचाही मुलगा 'प्रतिसाद नाही' होता ना! ती बोलेल या भरवशावर ते आले होते. मला तिचा राग आला. वाटले, एखादी फळी निखळवून तिच्या नव्या चपलेवर पाडावी.

"तर मग तपासणीची पद्धत आहे तशीच ठेवू या," साहेब म्हणाले. "कुणाची हरकत? नाही ना? ठीक, मग..."

"दार उघडं."

आवाज अगदी बारीक होता. सगळे दाराकडे वळले. दार तर उघडेच होते. साहेब हसले. "दार उघडंच आहे की! कोण बोललं?"

"बयो बोलली," व्हॅनवाली म्हणाली. ती उठून उभी राहिली. "बाईंनी मघाशी तिला विचारलं ना, काय हवंय म्हणून? त्याचं उत्तर आहे ते. ते आत्ता आलं. मी केव्हाची त्याचीच वाट बघत बसलेय."

ती तपासणीच्या बाईंकडे वळली.

"तिला दार उघडं हवंय, बाई. समोर मी दिसायला हवी. खुणा नाही करणार, पाठ करून बसते हवं तर. आणि साहेब, एकट्या माझ्या लेकीला आत घ्यायचं म्हणत होतात ना, ते नको. रोज माझ्या व्हॅनमध्ये मागे बसणाऱ्या पोरांना मी कोणत्या तोंडानं आरशात बघू?"

"मुद्दा... नोंदवून घेतो," साहेब म्हणाले.

"नको हो," हे हो-हो काका बोलले! आयुष्यात पहिल्यांदाच असावे. "नोंदवू नका साहेब. करा."

मी तपासणीच्या बाईंचे पाय बघत होतो. त्या आता कसली तरी सबब शोधतील, अशी माझी खात्री होती. पण बाईंनी खुर्ची मागे सारली आणि त्या चक्क खाली बसल्या, स्वच्छ साडी सावरत, माझ्याखालच्या धुळीत. बयोपासून हातभर अंतरावर. आणि त्यांनी विचारले, "मी इथे बसू?"

मग त्या थांबल्या. वर साहेबांचा फोन वाजला, बूट चुळबुळले, कुणीतरी खोकले. बाई हलल्या नाहीत. मला तो वेळ फार मोठा वाटला आणि आता हेही फुकट जाणार, असे मी धरूनच चाललो होतो.

"बसा," बयो म्हणाली. आणखी थोड्या वेळाने म्हणाली, "पण आईच्या आड नको."

बाई बाजूला सरकल्या. बयोला वाकून बघणारी आई दिसली. बाईंनी तोंडावर हात दाबून धरला होता. आणि त्या इतक्या हळू बोलल्या की ते फक्त बयोने आणि मी ऐकले. "देवा, किती मुलांना मी उत्तर यायच्या आधीच बाहेर पाठवलं."

त्या दिवशी साहेबांना हरकत मान्य करावीच लागली. बाईच त्यांच्या विरुद्ध उभ्या राहिल्या. आता तपासणी याच खोलीत होते. दार उघडे असते, समोरच्या बाकावर आई किंवा बाबा बसतात आणि घाई करायची नाही असा नियम आहे. 'प्रतिसाद नाही' शेरा पडलेल्या सगळ्या मुलांना बाई एकेक करून परत बोलावत आहेत. बयो शिकवायच्या विभागात गेली, तीही रीतसर तपासणी देऊन. व्हॅनवालीबद्दल मी जे जे मनात आणले, ते ऐकून तिने मला जाळायला घेतले असते, तर मी तक्रार केली नसती.

तरी मी निश्चिंत नाही, मित्रांनो. साहेब अजून तेच आहेत. परवा ते म्हणत होते, "या पद्धतीत वेळ फार जातो हो." घाई मागच्या दाराने कधी परत येईल, सांगता येत नाही. म्हणून माझी एक विनंती आहे. तुमच्या वर्गातही एखादे मूल असेल, ज्याला तुम्ही काही विचारता आणि उत्तर यायच्या आधी खेळायला पळता. त्याला विचाराल तेव्हा जरा बसा. त्याच्या आईबाबांना काही सांगायचे असेल, तर मोठ्यांना ते ऐकायला लावा, आणि नुसते ऐकून घेत असतील तर त्यांचे पाय बघा.

आता मात्र मला थांबायला हवे. हो-हो काकांचा मुलगा माझ्याखाली बसला आहे. बाईंनी त्याला मघाशीच त्याचे नाव विचारले आहे आणि काका बाकावर मुठी आवळून बसले आहेत. तो अजून बोललेला नाही. कृपा करून खुर्ची ओढू नका.