छापखान्याचा कोबा

जमिनी घासणाऱ्या माणसाला कुणी मास्तर म्हणत नाही, पण यांना म्हणायचे. तीस वर्षं त्यांनी जुन्या कोब्यांवर काम केलं होतं. गोदामं, गॅरेज, दवाखाने, एका शाळेची अख्खी व्यायामशाळा. सिमेंटची जमीन झिजून तिची भुकटी उडायला लागली, तेल पिऊन काळी पडली, भेगाळली, की मास्तरांना बोलावणं यायचं. ते मशीन घेऊन जायचे, वरची मेलेली कातडी घासून काढायचे, भेगा भरायचे, धूळ ओढून घ्यायचे आणि मग त्यावर नवा थर चढवायचे. "रंग बघायला सगळे येतात," ते म्हणायचे, "घासाई बघायला कुत्रंसुद्धा येत नाही. आणि टिकतं ते घासाईवर."

सहा वर्षांपूर्वी त्यांनी अचानक काम सोडलं. गुडघे दुखतात म्हणाले. गुडघे दुखायचे हे खरं, पण ते दहा वर्षांपासून दुखत होते. खरं कारण छापखाना, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळे मूग गिळून बसले होते.

त्या छापखान्याच्या जमिनीवर मास्तरांनी हिरवा थर दिला होता. आरशासारखा. दोन महिन्यांत त्याला फुगे आले. आधी बोराएवढे, मग बशीएवढे. मास्तर स्वतःहून गेले, फुगे कापले, घासलं, पुन्हा भरलं. पुन्हा फुगे. मालकीणबाई एक शब्द वाकडा बोलल्या नाहीत, आणि तेच मास्तरांना जास्त लागलं. त्यानंतर मशीन मुलीकडे गेलं.

घरात तिला अजून चिमणी म्हणत. चिमणी आता छत्तीस वर्षांची होती, दोन मुलांची आई होती, आणि शंभर किलोंचं घासायचं मशीन दळायच्या जात्यासारखं सहज फिरवायची. तिच्याबरोबर मास्तरांच्या वेळचा एक जुना कामगार होता. दिवसभरात चार शब्द बोलायचा, म्हणून सगळे त्याला बडबडे म्हणत.

तर या चिमणीला एक दिवस छापखान्याच्या मालकीणबाईंचा फोन आला.

"अगं, तुझ्या वडिलांनंतर मी दुसऱ्याकडून करून घेतलं," त्या म्हणाल्या. "त्यालाही फुगे आले. मी वर सतरंज्या टाकून लाज झाकली. पण आता नवं यंत्र येतंय, आणि त्याला सपाट, घट्ट जमीन लागते. तू बघशील का?"

जेवताना चिमणीने घरी सांगितलं. मास्तरांचा घास हातातच राहिला.

"तिथे जाऊ नकोस," ते म्हणाले.

"का, बाबा?"

"जाऊ नकोस म्हटलं ना." मग ताटाकडे बघत, "जायचंच असेल तर जा. मला मात्र काही विचारू नकोस."

आईने चिमणीला डोळ्यांनी खुणावलं, की आता पुरे.

चिमणी गेली. सतरंज्या उचलल्या, कागदाचे गठ्ठे हलवले, खोली रिकामी केली. मशीन सुरू झालं. हिऱ्याच्या चकत्या गरगर फिरत वरचा, त्या दुसऱ्याने दिलेला करडा थर खाऊ लागल्या आणि मागून बडबडे धूळ ओढायचं मशीन घेऊन सरकू लागला. करड्याखालून बाबांचा हिरवा दिसला.

तासाभरात तिच्या एक गोष्ट लक्षात आली. खोलीच्या बऱ्याच भागात हिरवा थर निघायलाच तयार नव्हता. चकत्या तापत होत्या, मशीन कण्हत होतं, आणि थर दगडासारखा बसला होता. मधल्या एका पट्ट्यात मात्र तो कोरड्या सालीसारखा उचकटून येत होता. पट्टा दोन हात रुंद असेल. हात धुवायच्या बेसिनच्या भिंतीपासून निघून तिरका जाऊन समोरच्या कोपऱ्यात संपत होता. त्याखालचा कोबा काळपट, ओलसर होता आणि वर पांढरी खारट भुकटी जमली होती.

तिने मशीन बंद केलं आणि उकिडवी बसली.

"फक्त इथेच," ती म्हणाली.

"हं," बडबडे म्हणाला. त्याने त्या दिवसातला पहिला शब्द खर्च केला होता.

मिश्रण बिघडलं असतं तर ते सगळीकडे बिघडलं असतं. फुग्यांनी रांग धरली नसती. चिमणीने पट्ट्यात पाच ठिकाणी आणि बाहेर पाच ठिकाणी जाड प्लास्टिकचे हातभर तुकडे ठेवले, चारही कडा चिकटपट्टीने बंद केल्या. उद्यापर्यंत खालून वाफ येत असेल तर प्लास्टिकखाली दिसेल. मग तिने उचकटलेल्या थराचा एक तुकडा रुमालात बांधला आणि संध्याकाळी घरी गेली.

मास्तर खिडकीपाशी बसले होते. तिने रुमाल त्यांच्या हातात दिला.

त्यांनी तुकडा उलटा केला. डोळ्यांजवळ नेला. मागच्या बाजूला सिमेंटचा पातळ पापुद्रा चिकटलेला होता. त्यांनी पुढच्या बाजूवर नख दाबलं. नख रुतलं नाही. त्यांनी जोर लावला. नखच वाकलं.

"कडक आहे," ते म्हणाले.

"सिमेंट घेऊन उठलाय, बाबा. तुमच्या थराने कोबा सोडला नव्हता. खालून कशाने तरी ढकलला त्याला."

"पण फुगे फोडले तेव्हा आतून चिकट पाणी आलं होतं. मला वाटलं, तो न सुकलेला माल. मला वाटलं, दुसऱ्या डब्यातला, थर कडक करणारा मसाला मी घातलाच नाही. किंवा अर्धाच घातला."

"न घातला असता तर हा तुकडा अजून डिंकासारखा असता. ते चिकट पाणी म्हणजे खालचे क्षार विरघळलेली ओल."

मास्तर तो तुकडा बोटांत फिरवत राहिले. मग त्यांनी तो मुठीत आवळला आणि डोळे मिटून घेतले. चिमणी घाबरली, त्यांच्यापाशी खाली बसली.

"बाबा, काय होतंय?"

"मला वाटलं, डोकं चाललं माझं," ते म्हणाले.

स्वयंपाकघरातलं भांड्यांचं वाजणं थांबलं. आई दारात येऊन उभी राहिली.

"त्या वर्षी मी विसरायला लागलो होतो," मास्तर सांगू लागले. "चष्मा कुठे ठेवला, किल्ली कुठे ठेवली. आणि त्या दिवशी डबे मोजताना माझी मोजणी दोनदा चुकली, हे मला पक्कं आठवतंय. मग फुगे आले. मला माझे वडील दिसायला लागले. शेवटी मलाच विचारायचे ते, आपण कोण, कुणाकडे आलात म्हणून. म्हटलं, तेच आता माझ्या दाराशी आलंय. म्हणून काम सोडलं. कुणाचे तरी हातपाय मोडायच्या आत. तेव्हापासून रोज सकाळी जिन्याच्या पायऱ्या मोजतो. सव्वीस येतात का बघतो."

"आणि येतात?" चिमणीने विचारलं.

"रोज येतात."

"सहा वर्षं?" आई म्हणाली. ती रागावली होती आणि रडतही होती. "सहा वर्षं हे एकट्याने पोटात ठेवलंत? अहो, किल्ली तर मीही रोज हरवते! मला वाटायचं तुम्ही त्या बाईंना घाबरता म्हणून घरात बसलात!"

"तुला सांगितलं असतं तर तू पण मोजत बसली असतीस," मास्तर म्हणाले. "मला."

आईने पदराने डोळे पुसले आणि दुसऱ्या दिवशीच डॉक्टरकडे जायचं म्हणून जाहीर करून टाकलं. मास्तर म्हणाले, आधी छापखाना.

सकाळी ते चिमणीबरोबर निघाले. छापखान्याच्या दारात मास्तरांचं पाऊल अडखळलं. पण मालकीणबाई समोरच उभ्या होत्या आणि म्हणाल्या, "या मास्तर, किती वर्षांनी!" मग आत न जाऊन कसं चालेल?

चिमणीने एकेक प्लास्टिक उचललं. बाहेरचे पाचही तुकडे कोरडे ठणठणीत. पट्ट्यातल्या पाचांखाली मात्र टपोरे थेंब, आणि कोबा भिजून काळा झालेला. मास्तर गुडघ्यांची तक्रार विसरून खाली बसले. हातोडी घेतली आणि कान लावून भिंतीपासून ठोकत सरकू लागले. ठक, ठक, ठक. मधेच पोकळ ढब. पुन्हा ठक. कोपऱ्याजवळ पोचल्यावर ढबढब वाढली.

"इथे तुमच्या आधी काय होतं?" त्यांनी विचारलं.

"साबणाचा कारखाना," मालकीणबाई म्हणाल्या. "का?"

"त्यांना इथे पाणी लागत असणार. खालून नळ गेलाय."

"नळ नाही हो. नकाशात नाही काही."

"नकाशा काढणाऱ्याला ठाऊक नसेल. पाण्याला ठाऊक आहे."

प्लंबर आला. त्याने छापखान्यातले सगळे नळ बंद केले आणि पाण्याच्या मीटरपाशी सगळ्यांना उभं केलं. बारीक काटा गोगलगाईच्या गतीने, पण फिरत होता. मग कोपऱ्यात कोबा कापला. वीतभर खोल गेल्यावर गंजका पाइप लागला. या टोकाला कशालाच न जोडलेला, कोपऱ्यात येऊन नुसता थांबलेला. त्याच्या तोंडात चिंधी गुंडाळलेली लाकडी खुंटी ठोकलेली होती. साबणवाल्यांपैकी कुणीतरी जाता जाता तेवढ्यावर भागवलं होतं, आणि खुंटी इतकी वर्षं थेंब थेंब पाझरत होती. बेसिनकडून येतानाचे सांधेही कुजले होते.

मालकीणबाई वाकून बघत राहिल्या. "म्हणजे या कोपऱ्यातला माझा कागद दरवर्षी लाटा मारायचा तो यामुळे! मी कागदवाल्याशी भांडले, हवेला शिव्या घातल्या. आणि मास्तर, तुमच्याबद्दलही मनात बोलले बरं का, खोटं कशाला सांगू?"

मास्तर उठले. हात पुसले. चिमणीला वाटलं, आता ते हसतील. पण ते म्हणाले, "मनात बोललात ते अगदीच चूक नव्हतं. हे प्लास्टिक मी तेव्हाही लावायला हवं होतं. नेहमी लावायचो. इथे म्हटलं, छापखाना आहे, कोरडी जागा, इथे कुठून ओल येणार? एक दिवस वाचवला. ती चूक माझी."

"मान्य," मालकीणबाई म्हणाल्या. "आता चहा घेणार की अजून काही कबूल करायचंय?"

तेव्हा मास्तर हसले. चिमणीने त्यांना असं, खांदे हलवून हसताना कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं. केवढ्या मोठ्या राक्षसाला ते भीत होते आणि निघाली होती एका दिवसाची आळशी चूक. तेवढी चूक कुणालाही पेलते.

त्याच आठवड्यात आईने त्यांना डॉक्टरकडे नेलंच. डॉक्टरांनी तासभर प्रश्न विचारले, चित्रं काढायला लावली, उलटे आकडे म्हणायला लावले. शेवटी म्हणाले, "वयाच्या मानाने स्मरण चांगलं आहे. कानात मळ आहे, तो काढून घ्या." बाहेर येऊन आईचा जीव भांड्यात पडला आणि ती रस्त्यावरच बाकावर बसली. मास्तर शेजारी बसले.

छापखान्यात पाइप मुळापासून बंद केला, खड्डा भरला. मग थांबणं आलं. तीन आठवडे पंखे लावून कोबा सुकवला. चिमणीला वाटलं आता पुरे, मास्तर म्हणाले अजून चार दिवस. पुन्हा प्लास्टिक लावलं. दहाही तुकडे कोरडे निघाले. तरी त्यांनी प्रत्येकावर उलटा तळवा ठेवून पाहिला.

मग शेवटची घासाई. मास्तरांनी मशीन चिमणीकडेच ठेवलं. स्वतः ते मागे चालत राहिले, एखादी चकाकणारी जागा राहिली की बुटाने दाखवत. चकाकी म्हणजे तिथे जमीन अजून बंद आहे, थर धरणार नाही. सगळीकडे सारखा, बारीक वाळूच्या कागदासारखा खरखरीत पोत यायला हवा. भेगा खरवडून भरल्या, कडा हाताने घासल्या, दोनदा धूळ ओढली. चिमणीने कोब्यावर ओंजळभर पाणी शिंपडलं. तेलकट असता तर थेंब गोळा होऊन पळाले असते. पाणी पसरलं आणि जमिनीने ते पिऊन टाकलं. तो ओलावा वाळू दिला.

"तहानलीय," बडबडे म्हणाला. मास्तरांनी त्याच्याकडे कौतुकाने बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिश्रण करायची वेळ आली. दोन डबे, एक बादली. चिमणीने डबे उघडून मास्तरांसमोर ठेवले आणि म्हणाली, "बाबा, मी रोलर बघते," आणि सरळ बाहेर निघून गेली. बाहेर जाऊन तिने रोलरकडे पाहिलंही नाही. भिंतीला टेकून उभी राहिली. आतून बादलीत फिरणाऱ्या मिक्सरची घरघर आली, एकाच लयीत, आणि मग मास्तरांची हाक, "चल गं, झालं. फार वेळ थांबत नाही हा माल!"

दुपारपर्यंत तिघांनी आतल्या भिंतीपासून दाराकडे येत सगळी जमीन झाकली. या वेळीही मालकीणबाईंनी करडाच निवडला होता. शेवटचा पट्टा मास्तरांनी मारला आणि उंबऱ्यावरून मागे सरकत बाहेर आले. दार लावून घेतलं. दोन दिवस कुणी पाय ठेवायचा नव्हता.

घरी आल्यावर त्यांनी आंघोळ केली, पोटभर जेवले, दुसऱ्यांदा भात मागून घेतला आणि उन्हाच्या बाजूचा पडदा ओढून आडवे झाले. चार वाजता चिमणी त्यांना उठवायला निघाली, तर आईने तिला अडवलं.

"झोपू दे गं," ती हळूच म्हणाली. "बघ, कसे घोरताहेत."