वॉर्ड अडतो

आमच्या परळच्या हॉस्पिटलात कोर्सला कोणाला पाठवायचं, याचा एक अलिखित नियम आहे. जिच्यावाचून अडत नाही, ती जाते. क्रिटिकल केअरच्या वर्षभराच्या कोर्सला आयसीयूतून दरवर्षी एक नाव मागवतात आणि इनचार्ज म्हणून गेली अकरा वर्षं ते मी देते. शिकायची हौस वगैरे मी कधी बघितली नाही. ड्यूटीचा तक्ता बघितला.

ओलिव्हियाला पाठवलं, कारण ती रोज कोणाशी तरी भांडायची. वर्षभर शांतता लाभली. स्वप्नीलला पाठवलं, कारण त्याला शीर सापडायची नाही. तो सर्टिफिकेट घेऊन आला आणि अजूनही शीर शोधायला वैशालीलाच हाक मारतो.

वैशाली चिंचपोकळीहून चालत येते. पेशंट बिघडणार हे तिला मशीनच्या आधी कळतं. तिने पाच वर्षं अर्ज केला आणि पाचही वर्षं मी नाकारला. नकाराच्या रकान्यात एकच वाक्य लिहायचे: 'हिच्यावाचून वॉर्ड अडतो.' तो कागद मेट्रनकडे जायचा. वैशालीला फक्त निवड झाली नाही एवढंच कळायचं. तोंडावर कौतुक केलं की माणूस शेफारतं, असं खोताच्या वाडीत माझी आई म्हणायची, आणि मी तेच धरून बसले.

यंदा तिचा अर्जच आला नाही. खोटं कशाला बोलू, मला हायसं वाटलं. मग तिची जन्मतारीख आठवली. कोर्सला वयाची अट पंचेचाळीसची आणि जानेवारीत तिला पंचेचाळीस पूर्ण होतात. ही शेवटची संधी होती. कोर्स केल्याशिवाय इनचार्ज होता येत नाही, आणि दोन वर्षांनी मी रिटायर झाले की माझ्या खुर्चीवर बसायला तिच्याहून लायक कोणी नाही.

दुपारी ती औषधांची ट्रॉली लावत होती. अर्ज का नाही केलास, म्हणून विचारलं.

"राहू दे ना, बेट्टी सिस्टर," ती वर न बघता म्हणाली. "पाच वेळा पाठवलं नाहीत, म्हणजे मी कुठेतरी कमी पडते. कुठे ते तेवढं सांगा, सुधारेन."

मला आधी तिचा राग आला, मग माझा. मग नुसतीच लाज वाटली.

कोरा अर्ज काढून मीच भरला. मेट्रनने फोनवर विचारलं, आता वॉर्ड कसा चालणार? म्हटलं, स्वप्नील शीर शोधायला शिकेल, नाहीतर मी शोधीन. वॉर्ड अडला तर ओरडाही मीच खाईन.

शिफारशीच्या रकान्यात नवीन काही लिहावं लागलं नाही. वैशालीने सहीसाठी कागद घेतला आणि वाचला. 'हिच्यावाचून वॉर्ड अडतो.'

"हे कधीपासून?" तिने विचारलं.

"पहिल्या अर्जापासून," मी म्हटलं.

तिने ते वाक्य पुन्हा एकदा वाचलं आणि सही केली. मग शीर शोधायला शिकवायला तिने स्वप्नीलला हाक मारली.